रिकामे कोठार आणि रंगीत तालीम

गणेशोत्सवातल्या महाप्रसादाच्या पंगतीत ज्यांनी एकदा तरी वाढप्याचे काम केले आहे, त्यांना या लेखाचा विषय वेगळा समजावून सांगायला नको. शंभर पाने मांडली आहेत, भात वाढून झाला आहे आणि वरणाची बादली चुलीपाशीच अडकली आहे. आत पातेलेभर वरण आहे, वाढायला माणसे आहेत, जेवायला पंगत बसली आहे. नाही ते एवढेच, की हवी ती वस्तू, हव्या त्या पानावर, हव्या त्या वेळी पोहोचलेली नाही. भात गार होतो आणि यजमानांचा जीव खालीवर होतो.

मोटारगाड्यांच्या कारखान्यात हीच पंगत रोज बसते. फरक इतकाच, की तिथे पाने शंभर नसून हजारो सुट्या भागांची असतात आणि पंगत सरकत्या पट्ट्यावर पुढे पुढे जात असते. ही पंगत मोठ्या कोठाराशिवाय कशी चालवावी, हे जगाला शिकवले जपानने. ते कोठार रिकामे करण्यापूर्वी संगणकावर त्याची रंगीत तालीम कशी करावी, हे शिकवले निरनिराळ्या देशांतल्या गणितज्ञांनी. या दोन गोष्टींचा इतिहास सहसा वेगवेगळा सांगितला जातो. आमच्या मते तो एकच आहे.

आमचा या विषयाशी संबंध साधासा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. सुरुवातीची काही वर्षे एका खात्याच्या भांडारात काढली. तिथे भंगारात गेलेल्या गाड्यांच्या क्लच प्लेटा रजिस्टरात ‘शिल्लक’ म्हणून वर्षानुवर्षे पुढे ओढल्या जात. त्याच वेळी बाहेर अंगणात धडधाकट गाड्या शे-दीडशे रुपयांच्या ऑइल सीलवाचून उभ्या असत. भांडार भरलेले असले म्हणजे काम अडत नाही, हा आमचा समज तिथेच गळून पडला. हवे ते नाही आणि नको ते भरपूर, अशी भांडारे आमच्यासारख्या अनेकांनी पाहिली असतील.

फोर्डची गोदामे आणि तोयोदांचा माग

१९१३ साली अमेरिकेत हायलंड पार्क येथे हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली. एका गाडीचा सांगाडा जुळवायला पूर्वी बारा तासांहून अधिक वेळ लागत असे, तो दीड तासाच्या आसपास आला. ही किमया एकच मॉडेल प्रचंड संख्येने काढण्यावर उभी होती. लागणारे भाग ढिगाने करून ठेवायचे आणि ढीग कमी झाला की पुन्हा करायचे. मोठी बाजारपेठ, मुबलक जागा आणि भांडवल असलेल्या देशाला हे परवडत होते.

जपानकडे यातले काहीच नव्हते. साकिची तोयोदा हे तिथले मागांचे कारागीर-संशोधक. त्यांच्या स्वयंचलित मागाचे वैशिष्ट्य असे, की धागा तुटला की माग आपोआप थांबे, म्हणून खराब कापड विणलेच जात नसे. त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी मोटारींचा ध्यास घेतला. १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी कोरोमो येथे कारखाना सुरू झाला. ‘लागेल तेव्हाच, लागेल तेवढेच’ हा विचार किइचिरो यांनी तिथे मांडला. पण युद्ध आले आणि तो बेत बाजूला पडला.

युद्धानंतर कंपनी कर्जात बुडाली. गाड्या तयार होत होत्या, पण विकल्या जात नव्हत्या. १९५० साली मोठा संप झाला, दीड हजारांहून अधिक कामगारांना कंपनी सोडावी लागली आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरो यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. हा प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. ‘साठा म्हणजे नासाडी’ हे तत्त्व व्यवस्थापनाच्या वर्गात बसून सुचलेले नाही. न विकलेल्या गाड्यांच्या ढिगापायी माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्या जखमेतून ते आलेले आहे.

ते तत्त्व प्रत्यक्षात आणणारे गृहस्थ म्हणजे ताइची ओनो. कापडाच्या कारखान्यातून ते १९४३ मध्ये मोटार कंपनीत आले होते. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची कल्पना त्यांच्या मनात बसली. गिऱ्हाईक फळीवरून हवी ती वस्तू उचलतो आणि दुकानदार फक्त रिकामी झालेली जागा भरतो. ओनो म्हणाले, पुढचे खाते हे गिऱ्हाईक आणि मागचे खाते हे दुकान. मागच्याने माल पुढे ढकलायचा नाही, पुढच्याने लागेल तसा ओढून घ्यायचा.

यासाठी त्यांनी वापरले ते साधे कार्ड, म्हणजे ‘कानबान’. भागांच्या प्रत्येक पेटीबरोबर एक कार्ड. पेटीतला माल वापरायला घेतला की कार्ड मागे जाते आणि कार्ड आल्याशिवाय मागच्या खात्याने एकही भाग करायचा नाही. कारखान्यात जितकी कार्डे, तितकाच जास्तीत जास्त साठा. १९५० च्या दशकात एका मशीनशॉपपासून सुरू झालेली ही पद्धत १९६३ च्या सुमारास टोयोटाच्या सगळ्या कारखान्यांत पोहोचली. १९७३ च्या तेलसंकटात इतर कंपन्या धापा टाकू लागल्या, तेव्हा साऱ्या जपानचे तिच्याकडे लक्ष गेले. ‘लीन’, म्हणजे चरबी नसलेले सडपातळ उत्पादन, हे नाव तिला अमेरिकेत १९८८ साली मिळाले आणि १९९० मधल्या एका गाजलेल्या पुस्तकाने ते जगभर गेले.

किती कार्डे ठेवायची याचा हिशोब सोपा आहे. मिनिटाला एक गाडी निघते आणि प्रत्येकीला एक भाग लागतो असे धरू. कार्ड मागे जाऊन भरलेली पेटी यायला ६० मिनिटे लागतात. सुरक्षेसाठी पाव भाग वाढवला की ७५ मिनिटांचे, म्हणजे ७५ नग हवेत. पेटीत २० नग मावत असतील तर पावणेचार, म्हणजे चार कार्डे. हा हिशोब पाटीवरही होतो. मग संगणक कशाला?

पत्त्यांचा डाव आणि पोलादाचा कारखाना

त्या ‘कशाला’चे उत्तर दुसऱ्या इतिहासात आहे. १९४६ साली स्टॅनिस्लॉ उलाम हे गणितज्ञ आजारातून उठत असताना एकट्याने पत्ते खेळत बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे त्यांनी गणिताने काढायचा प्रयत्न केला आणि ते फार किचकट आहे असे ध्यानात आल्यावर त्यांना वाटले, की शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजणेच सोपे नाही का? जॉन फॉन नॉयमन यांच्याबरोबर हा विचार त्यांनी लॉस अलामॉसच्या अणुसंशोधनात नेला. नशिबाच्या खेळाशी नाते सांगणारे ‘मोंते कार्लो’ हे नाव त्याला तिथे मिळाले.

कारखान्यात तो पोहोचायला दहा-बारा वर्षे लागली. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या पोलाद उद्योगात के. डी. टोचर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्याचे कामकाज संगणकावर चालवून पाहणारा सर्वसाधारण प्रोग्रॅम तयार केला. १९६१ साली अमेरिकेत आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन यांनी ‘जीपीएसएस’ ही खास याच कामाची भाषा आणली. ऑस्लोमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन नुगोर यांनी त्याच दशकात ‘सिम्युला’ घडवली. आजच्या बहुतेक संगणकभाषांमध्ये वापरली जाणारी ‘ऑब्जेक्ट’ ही कल्पना या भाषेतून आली. म्हणजे आपल्या घरातली मुले आज जे प्रोग्रॅमिंग शिकतात, त्याची एक मुळी कारखान्यातल्या आणि बंदरातल्या रांगांचा हिशोब करण्यात आहे.

सिम्युलेशन म्हणजे नाटकाची रंगीत तालीमच. संगणकात एक खोटे घड्याळ असते. ते सेकंदासेकंदाने न चालता घटनेवरून घटनेवर उडी मारते. पेटी रिकामी झाली, कार्ड निघाले, ओढगाडी कोठारात पोहोचली, पेटी चढली, पेटी उतरली. प्रत्येक कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना फासा टाकला जातो, कारण खऱ्या कारखान्यातही तो वेळ रोज सारखा नसतो. अशा शेकडो पाळ्या काही मिनिटांत खेळून बघायच्या आणि लाइन किती वेळा थांबली ते मोजायचे.

आम्ही हा प्रयोग घरी पुतण्याला घेऊन नाण्यावर केला. मिनिटाला एक भाग लागतो, पेटीत २० भाग. पेटीतला पहिला भाग उचलला की कार्ड निघते, म्हणजे नवी पेटी २० मिनिटांत यायला हवी. फेरीला नेहमी १८ मिनिटे लागत असतील तर लाइन कधीच थांबणार नाही. आता छाप पडली तर फेरी १२ मिनिटांची आणि काटा पडला तर २४ मिनिटांची, असे ठरवले. सरासरी तीच, १८. पुतण्या म्हणाला, “काका, मग फरक काय पडणार?” आम्ही ४८० मिनिटांची पाळी कागदावर खेळलो. पहिल्या खेपेस लाइन ३६ मिनिटे थांबली, दुसऱ्या खेपेस ५२. बरेच डाव खेळले तर सरासरी पाऊण तासाच्या आसपास येते. कारण काटा पडला की चार मिनिटे जातात, पण छाप पडून पेटी आठ मिनिटे आधी आली तरी ती आठ मिनिटे पुढे वापरता येत नाहीत. लवकर आलेला उशिरा येणाऱ्याचे पाप धुऊन काढत नाही.

मग आम्ही आणखी फक्त एक पेटी लाइनजवळ ठेवली. लाइन एकदाही थांबली नाही. पाऊण तासाचा खोळंबा विरुद्ध २० नग! सरासरीवरचा पाटीचा हिशोब हे सांगत नाही, फासा सांगतो. पुतण्याने वही मिटली आणि म्हणाला, “म्हणजे आपल्या पंगतीतसुद्धा वरणाची एक बादली जास्त लागते.” आम्हाला यापेक्षा अधिक काही सांगायचे नव्हते.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकन कंपन्यांना जपानी पद्धतीची घाई झाली होती, तेव्हा हुआंग, रीस आणि टेलर या तीन संशोधकांनी कानबान पद्धत संगणकावर चालवून पाहिली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा मथितार्थ असा, की कामाचे वेळ कमीजास्त होत असतील, मागणी वरखाली होत असेल किंवा एखादे यंत्र अडसर ठरत असेल, तर नुसती कार्डे आणून जपानसारखे फळ मिळणार नाही. टोयोटाने कार्डांच्या आधी इतर पुष्कळ गोष्टी केल्या होत्या. रोजचे काम समान वाटून घेतले होते, साचे बदलायचा वेळ तासांवरून मिनिटांवर आणला होता, पुरवठादारांना वर्षानुवर्षे बरोबर घेतले होते. कार्ड हे शेवटचे पाऊल होते. नक्कल करणाऱ्यांना तेच पहिले दिसले.

एका झडपेची आग

रिकाम्या कोठाराची खरी परीक्षा १ फेब्रुवारी १९९७ रोजी झाली. त्या शनिवारी पहाटे जपानमधल्या कारिया येथे आयसिन सेइकी या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकमधली एक लहान झडप तयार होई. मागच्या चाकांवरचा ब्रेकचा दाब आवरून गाडी घसरू न देणे हे तिचे काम. किमतीने क्षुल्लक, पण टोयोटाच्या जवळपास सगळ्या गाड्यांसाठी ती याच एका कारखान्यातून येत होती. हाताशी साठा अगदी तुटपुंजा होता. काही दिवसांतच टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइन थंडावल्या.

पुढे घडले ते इतिहासात दुर्मीळ. आयसिनने झडपेची रेखाचित्रे मागेल त्याला दिली. लहानमोठ्या सुमारे दोनशे कंपन्या कामाला लागल्या. त्यांत शिलाई यंत्रे करणारी ब्रदर ही कंपनीसुद्धा होती, जिने मोटारीचा भाग कधी केलेला नव्हता. दर ठरवायला कोणी थांबले नाही. आठवड्याभरात लाइन पुन्हा सुरू झाल्या. काही टीकाकार म्हणाले, साठा नसल्यामुळे हे झाले. काही चाहते म्हणाले, साठा नसताना इतक्या लवकर सावरले, हेच या पद्धतीचे यश. आम्हाला दोन्ही खरे वाटते. कोठार रिकामे होते, पण त्याच्या जागी दुसरे काहीतरी भरलेले होते. एकमेकांच्या कामाची माहिती होती आणि विश्वास होता.

तालमीची मर्यादाही इथे दिसते. फेरीला १२ मिनिटे लागतील की २४, हे फासा सांगतो. पण ‘हा कारखानाच जळाला तर?’ हा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणताही संगणक देत नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने तो प्रश्न अधिक कसून विचारला आणि मिळायला अवघड अशा इलेक्ट्रॉनिक चिपचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे राहील अशी सोय केली. त्यामुळे २०२१ च्या चिपटंचाईत सुरुवातीला इतर कंपन्यांपेक्षा ती सावरून राहिली. साठ्याची सगळ्यात कडक शत्रू असलेली कंपनीच विचार करून साठा ठेवू लागली. तरीही २९ ऑगस्ट २०२३ रोजी जपानमधले तिचे चौदाही कारखाने बंद पडले. कारण काय, तर भागांच्या मागणीची नोंद करणाऱ्या संगणकात जागा शिल्लक राहिली नव्हती! कोठारातला साठा कमी केला आणि शेवटी संगणकाचे कोठार भरून गेले.

आमच्या उद्यमबागेत

हे सारे परदेशातले झाले. पण बेळगावकरांना मोटारींच्या सुट्या भागांचे अप्रूप नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले ते याच गावात आणि लोखंडी नांगराचा उद्योगही त्यांनी इथेच आरंभला. पुढे जागेच्या अडचणीमुळे त्यांना गाव सोडावे लागले आणि १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. १९९७ मध्ये, म्हणजे कारियाला आग लागली त्याच वर्षी, टोयोटा आणि किर्लोस्कर यांची संयुक्त कंपनी स्थापन झाली. बंगळुरूजवळ बिडदीला तिचा कारखाना आहे. मागांच्या कारागिराचे घराणे आणि नांगराच्या कारागिराचे घराणे असे एकत्र आले.

किर्लोस्कर गेले तरी लोखंड ओतायची विद्या गावात राहिली. उद्यमबागेतल्या फौंड्र्या आज दूरदूरच्या वाहनउद्योगाला कास्टिंग पुरवतात. आमच्या ओळखीचे एक तात्या तिथे लहानशी फौंड्री चालवतात. ते ज्या बड्या कारखान्याचे काम करतात, त्याचे नाव इथे नको. मागच्या वर्षी त्यांच्याकडे गेलो तेव्हा शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तयार मालाच्या पेट्या छतापर्यंत. आम्ही विचारले, “तात्या, ऑर्डर रद्द झाली की काय?” ते हसले. “रद्द कशाला होईल? लीन झालंय की रे सगळं! त्यांनी गोडाऊन काढून टाकलं, ते माझ्या शेडमध्ये आलंय बघ. रोज चारदा माल मागवतात. एक गाडी घाटात अडकली तर लाइन थांबल्याचा दंड माझ्या बिलातून कापतात. मग दहा दिवसांचा माल नको का ठेवायला? त्याचं व्याज कोण देणार?”

त्या शेडमध्ये आम्हाला आमचे जुने भांडार आठवले. साठा कमी झालाच नव्हता, तो फक्त बड्याच्या अंगणातून छोट्याच्या अंगणात सरकला होता. कागदावर कारखाना सडपातळ झाला आणि कर्ज तात्यांच्या खात्यावर चढले. हे ओनो यांचे तत्त्व नव्हे, तत्त्वाचा उलटा अर्थ आहे.

या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट उमगली. साठा म्हणजे आपल्या अज्ञानाची किंमत असते. गाडी केव्हा येईल माहीत नाही म्हणून पेटी ठेवायची, कोण केव्हा अडेल माहीत नाही म्हणून दुसरी ठेवायची. अज्ञान कमी झाले तर पेटी कमी करता येते. पण पेटी काढून घेतली आणि अज्ञान तसेच ठेवले, तर ती किंमत कोणी ना कोणी भरतोच, आणि बहुधा जो सगळ्यात दुबळा असतो तो भरतो. सिम्युलेशनचा उपयोग इथे आहे. तात्यांचा घाट, त्यांची भट्टी, त्यांचा वीजपुरवठा हे सगळे त्या तालमीत धरले, तर दोन्ही बाजूंना मिळून किती पेट्या खरोखर लागतात आणि त्या कोणाच्या अंगणात असाव्यात, हे आकड्यांनी सांगता येते. तालीम फक्त मोठ्या कारखान्याच्या फाटकाच्या आतली केली, तर दुसरा अंक घाटातच अडकून राहतो.

या कामाला फार मोठी सामग्री लागत नाही. फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत, साधा संगणक पुरतो, आणि लाइनीवर घड्याळ घेऊन उभे राहून खरे वेळ टिपायची तयारी लागते. आपल्या मंडळात पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंगला जाणारी मुले पुष्कळ आहेत. प्रोजेक्टसाठी विषय शोधत ती दरवर्षी आमच्याकडे येतात. यंदा आम्ही दोघांना तात्यांच्या शेडमध्ये धाडले आहे. महिनाभर ट्रकच्या वेळा टिपून झाल्या आहेत. दिवाळीपर्यंत तालीम उभी राहील. ती घेऊन तात्या खरेदी विभागाच्या साहेबांसमोर बसणार आहेत. साहेब ऐकतील की नाही, सांगता येत नाही. पण या वेळी तात्यांच्या हातात गाऱ्हाणे नसेल, हिशोब असेल.

विद्येचा आणि गणांचा अधिपती आपल्या मंडपात बसलेला असताना यापेक्षा वेगळे मागणे काय मागावे? आणि हो, यंदाच्या महाप्रसादाला वरणाची एक बादली जास्त ठेवली आहे.